हवेतल्या वाटा (भाग ९) : सांगणारा एक, ऐकणारे हजार

रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. देशभरातून भाविक येतात, जवळपास प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, टॉवर मात्र मोजकेच. दिवस अवकाळीचे. समजा, दुपारी आभाळ भरून आलं आणि वाशिमच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला सगळ्यांना एकच गोष्ट कळवायची आहे : विजा पडण्याची शक्यता आहे, झाडाखाली थांबू नका. कसं कळवणार?

पहिला उपाय एसएमएसचा. पण एसएमएस एकेकाला जातो. टॉवर आधी तो फोन शोधतो, निरोप देतो, पावती घेतो आणि मग पुढच्याकडे वळतो. एरवी ही शिस्त चांगलीच. पण गर्दीत तीच अंगाशी येते, कारण हवेतला रस्ता सगळ्यांचा मिळून एकच आहे आणि बराच वेळ पावत्यांतच जातो. वीज तोवर थांबत नाही.

मग एकदाच, सगळ्यांसाठी मिळून पाठवलं तर? इथे गणित आडवं येतं. प्रत्येक फोनला निरोप हुकण्याची शक्यता शंभरात एक धरू. एका फोनपुरतं हे झकासच. पण असे शंभर फोन असले, तर शंभरच्या शंभरांना पहिल्याच फेरीत निरोप मिळण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. जमाव वाढेल तसं कुणीतरी सुटणार हे जवळपास ठरलेलंच. बरं, कोण सुटलं हे विचारावं तर हजारो फोन एकदम उत्तर देणार आणि त्या उत्तरांनीच हवा तुंबणार.

सेल ब्रॉडकास्टने हा पेच सरळ तोडून टाकला : पावती मागायचीच नाही. ठरावीक भागातले टॉवर तोच निरोप दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा सोडत राहतात. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा ऐकू आला की फोन गप्प बसतो, त्यामुळे माणसाला निरोप एकदाच दिसतो. पहिली फेरी हुकली तर दुसरी, नाहीतर तिसरी. निरोप पाठवणाऱ्याला कुणाचा नंबरही ठाऊक असावा लागत नाही. २० जुलै २०२३ च्या सकाळी देशात ठिकठिकाणी फोन एकदम कर्कश वाजले आणि लोक दचकले, ती याच व्यवस्थेची दूरसंचार विभागाने घेतलेली चाचणी होती. यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने देशातच तयार केली आहे.

मराठीपुरती एक अडचण मात्र कुणी फारशी बोलून दाखवत नाही. या निरोपाचं एक पान ८२ बाइटचं. त्यात इंग्रजी अक्षरं ९३ मावतात, देवनागरी जेमतेम ४१. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी वेगळी जागा खातात. ‘मंगरूळपीर’ लिहिलं की नऊ जागा गेल्या. पानं जास्तीत जास्त १५, म्हणजे मराठीत फार तर ६१५ खुणा. तेव्हा ‘सर्व नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की’ असल्या सरकारी प्रस्तावनेला इथे जागा नाही. माझ्या मते हे बरंच झालं.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. निरोप कुणाला मिळाला नाही, हे कक्षाला कधीच कळत नाही. ज्या शिवारात रेंज नाही किंवा ज्याचा फोन बंद आहे, तिथे पोलीस पाटील आणि कोतवालच कामाला येतात. त्यांची गरज संपली असं समजणं धोक्याचं ठरेल.

एका ओळीच्या निरोपाला नुसती पुनरावृत्ती पुरते. अख्खी फाइल असेल तर? वाशिमच्याच मालेगाव तालुक्यातली एखादी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा : एक राउटर, चाळीस टॅब, ६० एमबीचा व्हिडिओ. प्रत्येकाला वेगळी प्रत दिली तर हवेतून २४०० एमबी जाणार. राउटर प्रत्यक्षात २० एमबीपीएस देत असेल तर सोळा मिनिटं. सगळ्यांना मिळून एकच प्रत सोडली, तर वायफाय ती बहुधा सगळ्यात संथ वेगाने सोडतं. तो १ एमबीपीएस असला तरी काम आठ-नऊ मिनिटांत उरकेल. पण वायफायमध्ये अशा सामूहिक पॅकेटला ना पावती, ना फेरपाठवणी. प्रत्येक टॅबवर व्हिडिओला भोकं पडणार, आणि तीही वेगवेगळ्या जागी.

ही भोकं बुजवायची युक्ती बाजार समितीत सोयाबीन घालणाऱ्याला पटकन कळेल. दहा कट्ट्यांची वजनं आणि खाली त्यांची बेरीज अशी पट्टी आहे. तुमच्या प्रतीवर तिसरा आकडा पुसला, माझ्यावर सातवा. बेरीज हाती असली की दोघांनाही आपापला आकडा काढता येतो. पॅकेटचंही तसंच : एकच जादा पॅकेट प्रत्येकाचं निराळं भोक बुजवतं. दोन-तीन हुकली तर जादा पॅकेटं अधिक लागतात, त्यांचं गणित जरा अवघड. मायकेल लुबी आणि अमीन शोक्रोल्लाही या संशोधकांनी त्यातून असे कोड घडवले, की मूळ फाइलपेक्षा किंचित जास्त इतकी कोणतीही पॅकेटं गोळा झाली तरी फाइल उभी राहते. मोबाइलवरच्या सामूहिक प्रसारणाच्या मानकात शोक्रोल्लाहींचा रॅप्टर कोड घेतलेला आहे.

त्यातूनही कुणी उरलंच, तर पावतीऐवजी तक्रार मागवायची. ज्याला मिळालं त्याने गप्प राहायचं. हुकलेल्याने थोडा वेळ थांबून मग बोलायचं, आणि तीच मागणी आधी कुणी केली असेल तर तोंड उघडायचं नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत घडलेला नॉर्म हा प्रोटोकॉल याच चालीचा; तो २००९ मध्ये मानक झाला. वायफायच्या मानकातही २०१२ मध्ये सामूहिक फेरपाठवणीची सोय आली, पण स्वस्त राउटरमध्ये ती क्वचितच सापडते. तोवर शाळांनी व्हिडिओ आदल्या दिवशीच टॅबवर भरून ठेवावेत, हेच शहाणपणाचं.

पुढच्या भागात टॉवरची वीज गेल्यावर काय होतं ते पाहू. तोपर्यंत फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपत्कालीन सूचना, म्हणजे ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’, चालू आहेत ना ते बघा. मागच्या चाचणीच्या आवाजाला कंटाळून बंद केल्या असतील, तर पावसाळ्याआधी चालू करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोनही एकदा तपासा.