ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे निदान : पौडहून विळ्यापर्यंत

मुळशी तालुक्याचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार पालटून गेले आहे. हिंजवडीला संगणक क्षेत्रातील कंपन्या आल्या, पिरंगुट परिसरात कारखाने वाढले, आणि आपल्या समाजातील कितीतरी तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या व त्या कंपन्यांच्या कामाला लावल्या. अलीकडे यांतील काही गाड्या क्लचचे पेडल नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक असतात आणि पुष्कळदा त्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. अशी गाडी झटके देऊ लागली की मालक गॅरेजात धावतो. तेथे स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर एक क्रमांक उमटतो आणि त्याला सांगितले जाते, "गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल." हा खर्च लाखाच्या घरात जातो. ज्याचे गाडीचे हप्तेच अजून फिटायचे आहेत, त्याचे सारे वर्ष त्यात बुडते.

वास्तविक त्या क्रमांकाने गिअरबॉक्स गेला असे म्हटलेलेच नसते. तक्रार कोणत्या बाजूने आली एवढेच तो सांगतो. खरे निदान गाडी रस्त्यावर नेऊन, ज्या परिस्थितीत ती बिघडते त्याच परिस्थितीत तिला तपासून होते. ते कसे करावे हे सभासद बंधु-भगिनींना, आणि विशेषतः आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींना समजावे म्हणून हा लेख.

प्रथम एक गोंधळ दूर करू. 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द आपण निदान चार निराळ्या यंत्रांना लावतो. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीत आलेली ए.एम.टी. ही खरे तर साधीच गिअरपेटी. तिचा क्लच पायाऐवजी यंत्र दाबते, इतकेच. दोन क्लचची पेटी निराळी, पट्टा व दोन पुल्यांची निराळी. चौथा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. आपल्या जिल्ह्यात चाकणला तयार होणाऱ्या व २०२१ साली बाजारात आलेल्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांच्या एक लिटर इंजिनाच्या ऑटोमॅटिक गाड्यांत तेव्हा हीच सहा गिअरची पेटी होती. पुढील विवेचन या चौथ्या प्रकाराचे आहे. ते बाकीच्या तिघांना जसेच्या तसे लावू नये.

दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरपेटीला. पेटीच्या आत सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशा रचनेची दातेरी चक्रे असतात, आणि तेलाच्या दाबाने आवळले जाणारे लहान लहान क्लच असतात. कोणते क्लच आवळले यावरून गिअर ठरतो. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाडीत हायड्रामॅटिक पेटी दिली, त्यानंतर कित्येक दशके हा निर्णय तेलाचा दाबच घेत असे. आता तो एक लहान संगणक घेतो. पेटीत येणाऱ्या दांड्याची गती, बाहेर पडणाऱ्या दांड्याची गती, तेलाचे तापमान आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ही माहिती सेन्सर त्याला देतात. तो सोलेनॉइड नावाच्या विजेच्या झडपांना हुकूम सोडतो, आणि झडपा तेलाची वाट उघडतात किंवा बंद करतात.

अर्थात बिघाड तीन ठिकाणी संभवतो: विजेत, तेलात किंवा लोखंडात. लोखंड सर्वांत महाग, म्हणून त्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

गाडी हलवण्यापूर्वी मालकाचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. झटका थंड गाडीत येतो की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? त्याआधी बॅटरी बदलली होती का, तेल बदलले होते का, गाडी पुराच्या पाण्यातून गेली होती का? आपल्याकडच्या पावसात हा शेवटचा प्रश्न विसरून चालत नाही. मग तेल पाहावे. बहुतेक पेट्यांचे नवे तेल लालसर असते. ते काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल तर क्लच जळत आहेत. ते दुधाळ गुलाबी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि ते पुष्कळदा रेडिएटरमधल्या तेल-कूलरमधून आलेले असते. कित्येक नव्या गाड्यांत तेल मोजायची काडीच नसते. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, खालचा बोल्ट काढून पातळी पाहावी लागते. तेलही कंपनीने सांगितलेल्याच जातीचे हवे. चुकीच्या तेलाने चांगली पेटी थरथरू लागते.

आता स्कॅनर. भारतात नव्या गाड्यांना स्वयंनिदानाची व्यवस्था २०१० पासून, आणि तिचा पुढचा टप्पा २०१३ पासून बंधनकारक झाला. तिच्यातले पी ०७ ने सुरू होणारे बहुतेक क्रमांक गिअरपेटीचे. पी ०७०० याचा अर्थ इतकाच की पेटीच्या संगणकाकडे काही तक्रार नोंदली आहे, तिकडे जाऊन विचारा. पी ०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे जुळले नाही. पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच नीट लागत नाही. कारण तेल असेल, सोलेनॉइड असेल, झिजलेली व्हॉल्व्ह बॉडी असेल किंवा कन्व्हर्टर स्वतः असेल. क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत आणि त्याच वेळी नोंदलेली गती व तापमानही लिहावे. ते आधीच पुसून टाकणारा फिटर हातातला पुरावा स्वतःच नष्ट करतो. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, की ऐकीव आहे किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा, ते स्कॅनरच्या पडद्यालाही लागू आहे.

गाडी उभी असतानाच ब्रेक दाबून न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये आणि न्यूट्रलमधून रिव्हर्समध्ये टाकून पाहावी. गिअर लागल्याची हलकीशी जाणीव साधारण एक-दीड सेकंदात व्हावी. फार उशीर लागला तर दाब कमी. जोराचा दणका बसला तर दाब जास्त किंवा इंजिनाचे माउंटिंग तुटलेले. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची जी जुनी चाचणी आहे, ती विद्यार्थ्यांनी करू नये. काही सेकंद जास्त झाले तरी तेल भाजते.

मग रस्त्यावर यावे. दोन माणसे हवीत. एकाने फक्त गाडी चालवावी, दुसऱ्याने स्कॅनरवरचे आकडे पाहून लिहावेत. भूगाव-भुकूमची गर्दी मागे टाकून, पिरंगुटचा छोटा घाट उतरून पौडच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की ॲक्सिलरेटर हलका ठेवून एकेक गिअर वर जाऊ द्यावा. गिअर बदलताना इंजिनाची रेस एकदम उसळली आणि गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतो आहे. घसरणे मोजता येते. समजा तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर दीड आहे. बाहेरचा दांडा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर आतल्याने १८०० घ्यायला हवेत. तो २१०० घेत असेल तर ३०० फेरे वाया जात आहेत. सहावी-सातवीतला त्रैराशिकाचा हिशेब आहे हा. आय.टी.आय. ही नापासांची जागा समजणाऱ्या पालकांनी तो एकदा करून पाहावा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारने साहाय्य करावे, अशी मागणी बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयकडे केली होती. तीही याच तऱ्हेच्या विद्येसाठी होती.

या परीक्षेतला कळीचा प्रश्न एकच: संगणकाने हुकूम दिला का? स्कॅनरवर हुकूम चौथ्या गिअरचा दिसतो, पण गुणोत्तर तिसऱ्याचेच राहते, तर विजेची बाजू बहुधा ठीक आहे. तेल, झडप किंवा क्लच पाहावा. हुकूमच सुटला नाही, तर पेटी उघडण्यात अर्थ नाही. सेन्सर, वायरिंग, बॅटरीचा दाब व अर्थिंग तपासावे. दुसरा उपयोगी धागा क्लचच्या हजेरीचा. कंपनीच्या पुस्तकात कोणता क्लच कोणत्या गिअरमध्ये काम करतो याचा तक्ता असतो. काही पेट्यांत तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स यांत एकच क्लच हजर असतो. घसरण नेमकी या तिघांतच असेल तर गुन्हेगार सापडला. प्रतीत्यसमुत्पाद ज्याने समजून घेतला आहे त्याला या विचारात नवे काही वाटणार नाही.

साठ-सत्तरच्या स्थिर वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते, ही एक नेहमीची तक्रार. मागे वाहन नाही हे पाहून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करावा. लॉक-अप क्लच सुटतो, रेस थोडी वाढते. त्याच क्षणी थरथर थांबली तर लॉक-अपकडे संशय घ्यावा. चालूच राहिली तर बहुधा इंजिनच एका सिलिंडरवर चुकते आहे आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो आहे.

मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीपर्यंत रस्ता चढ-उताराचा, पण पठारावरचाच आहे. खरा उतार ताम्हिणीनंतर विळ्याकडे, कोकणात उतरताना लागतो. तेथे खालचा गिअर हाताने घेऊन इंजिन गाडीला धरते का ते पाहावे. उतारावर न्यूट्रल कधीही नाही. परतताना तोच घाट चढायचा असतो, आणि परीक्षेचा गाभा येथे आहे. तेलाचे तापमान एरवी ८० ते ९५ अंशांच्या आसपास असते. चढावर ते वाढते, तेल पातळ होते, आणि झिजलेल्या सीलमधून दाब निसटू लागतो. शहरात दहा मिनिटे फिरवून "काही दोष नाही" म्हणून परत दिलेली गाडी येथे आपले दुखणे बोलून दाखवते. तापमान ११०-१२० च्या वर गेले तर चाचणी थांबवून गाडी निवू द्यावी. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात आणि सुट्टीच्या दिवशीच्या पर्यटकांच्या गर्दीत ही परीक्षा घेऊच नये.

एका डिझेल गाडीचे उदाहरण देतो. घाट चढताना ती मध्येच तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसे. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. संगणकाला धोका वाटला की तो पेटीला असा एकच गिअर धरायला लावतो. क्रमांक बाहेरच्या दांड्याच्या गतीच्या सेन्सरचा होता. मालकाला एका गॅरेजने पेटी बदलायला सांगितले होते. चढावर आकडे पाहिले तेव्हा दिसले की ब्रेकचा संगणक चाकांची गती ४० दाखवतो आहे आणि पेटीचा सेन्सर त्याच क्षणी शून्य. गाडी चाळीसने चालत असताना तो दांडा थांबूच शकत नाही. म्हणजे दांडा फिरत होता आणि बातमी वाटेत तुटत होती. सेन्सरची तार सायलेन्सरच्या पाइपाजवळ घासून उघडी पडली होती. चढावर इंजिन जोर घेऊन किंचित कलले की ती लोखंडाला टेके. तार बदलली, तिच्यावर उष्णतारोधक नळी चढवली, क्लिपने दूर बांधली. काही शे रुपयांचे काम.

त्यानंतरच जुने क्रमांक पुसले आणि गाडी पुन्हा विळ्यापर्यंत नेऊन तोच घाट, तेवढेच वजन व तेवढेच तापमान असताना चढवली. पहिल्या फेरीचा कागद समोर ठेवून आकडे ताडून पाहिले. सेन्सरचा आकडा पूर्ण चढावर एकदाही तुटला नाही, तेव्हा किल्ली मालकाच्या हाती दिली.