गुरांना ऊन बाधते तेव्हा

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याचे बेलपाडा आज पनवेल महानगरपालिकेत मोडते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली आणि भातखाचरांवर सेक्टर आले. गुरांच्या वाट्याला उरले डोंगरउतार, मोकळे भूखंड आणि रस्त्यांच्या कडा. नेमक्या अशाच जागी घाणेरी फोफावते. लाल-केशरी, गुलाबी-पिवळ्या फुलांची ही टणटणी मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पुढे पाखरांनी तिचे बी देशभर नेले.

पोट भरलेले जनावर घाणेरीला सहसा तोंड लावत नाही, तिचा वासच तसा उग्र. पण मे महिन्यात रान करपलेले असते तेव्हा, किंवा बाजारातून नुकतेच आणलेले, या रानाची ओळख नसलेले जनावर सोडले तर, ते हिरवे दिसेल ते ओरबाडते. पानांतली लँटाडीन नावाची विषे यकृतात पोहोचतात आणि पित्ताचा प्रवाह अडतो. त्याच वेळी कोठीपोटाची हालचाल मंदावते, रवंथ थांबतो. खाल्लेला पाला पोटातच पडून राहतो आणि त्यातून विष रक्तात जातच राहते. जनावराने पाला खाणे केव्हाच सोडलेले असते, तरी विषबाधा वाढत जाते ती यामुळे.

मग उन्हाचा काय संबंध? गवताचे हरितद्रव्य कोठीपोटात पचताना फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. पित्त अडले की ते रक्तातून कातडीत साठते, आणि त्यावर ऊन पडले की कातडी आतून भाजू लागते. नाकपुड्या लाल होऊन सोलवटतात, कान सुजतात, सडांना भेगा पडतात, पांढऱ्या भागावरची कातडी वाळून सुटते. एचएफ गाईच्या अंगावर हे स्पष्ट दिसते: काळे ठिपके शाबूत, पांढरे ठिपके जळालेले. २०२२ च्या लम्पीच्या साथीपासून कातडीवर काही दिसले की गोठ्यात धास्ती बसते. मात्र लम्पीत ताप येतो, अंगभर गोल टणक गाठी येतात आणि त्या काळे-पांढरे पाहत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती म्हशीची. काळ्या कातडीमुळे ती फारशी भाजत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. यकृत मात्र तितकेच खराब होत असते. तिचा डोळा उघडून पाहायला हवा. पिवळी झाक, गडद लघवी, घट्ट शेण आणि थांबलेला रवंथ एवढे दिसले, तर कातडी धड असली तरी पशुवैद्यकाला बोलवावे.

ऊन बाधण्याचा हा आजार जगभर आहे, कारणे मात्र वेगवेगळी. दक्षिण आफ्रिकेत आपल्या देशावरच्या सराट्यांनी मेंढ्यांचे चेहरे सुजतात, ब्राझीलमध्ये सिग्नल गवताने गुरे आजारी पडतात. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या वाळक्या गवतावरची बुरशी यकृत जाळते, आणि तिथले शेतकरी प्रतिबंधासाठी जनावरांना जस्त देतात. घाणेरीवर आपल्याकडे मोठे काम झाले ते हिमाचलातल्या पालमपूरला, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या केंद्रात. ओ. पी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी तिथे या विषांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

घरी पहिले काम एकच: जनावर उन्हातून काढून अंधाऱ्या गोठ्यात बांधणे. हिरवा चारा बंद, कारण हरितद्रव्य तिथूनच येते. पेंढा आणि भरपूर पाणी चालते. जखमांवर हळद किंवा कडुलिंबाचे तेल लावणारे चुकत नाहीत, पण तेवढ्यावर थांबले तर यकृत तसेच राहते. पशुवैद्यक विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजतात, सलाइन लावतात, कधी कोठीपोट उघडून पाला बाहेर काढतात. हे पहिल्या दिवसांतच करावे लागते. तीव्र बाधेत जनावर दोन-तीन दिवसांत दगावते, कधी दोन-तीन आठवडे कुढत राहते.

कुंपणाला फुकट मिळते म्हणून घाणेरी लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आहे ती नुसती छाटली तर बुडापासून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी सुचवलेली रीत अशी, की जमिनीखाली मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपे पुढच्या पावसाळ्यांत उगवतात. ती कोवळी असतानाच उपटून त्या जागी गवत वाढू द्यावे लागते.