‘पासवर्ड विसरलात?’ हे मागचं दार

फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा खरेदीच्या खात्यांचे पासवर्ड फोडत बसण्याची चोराला गरजच पडत नाही. तो ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर बोट ठेवतो. मग नव्या पासवर्डची लिंक आपल्या ईमेलवर येते, नाहीतर ओटीपी मोबाइलवर. म्हणजे ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीची बरीच खाती. आणि आपण मात्र नेमका ईमेललाच मुलाचं नाव आणि जन्मसाल जोडून केलेला दहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड ठेवलेला असतो!

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा याहू मेल असाच उघडला गेला. उघडणारा कुणी संगणकाचा जादूगार नव्हता, कॉलेजात शिकणारा पोरगा होता. जन्मतारीख काय, पिनकोड कोणता, नवऱ्याची भेट कुठे झाली, या पासवर्ड बदलण्याआधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्याला इंटरनेटवर आयती सापडली. पुढे त्याला एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली, ते वेगळं.

आपल्याकडचा ठरलेला प्रश्न म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. ते तर लग्नपत्रिकेत मामाच्या नावापुढे छापलेलं असतं आणि पत्रिका चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असते. असा प्रश्न आलाच, तर खरं उत्तर देऊ नये. काहीतरी भलतंच लिहावं आणि वहीत टिपून ठेवावं.

मोबाइलची बाजूही तितकीच नाजूक. ‘तुमचं पार्सल अडकलंय, स्टार ४०१ स्टार लावून हा नंबर फिरवा,’ असं कुरियरवाला म्हणून कुणी सांगायचा. तो नंबर फिरवला की आपले कॉल त्याच्या फोनवर वळायचे. मग व्हॉट्सॲपचा कोड तो मेसेजऐवजी कॉलवर मागवायचा, आणि तो कॉल त्याच्याकडेच जायचा. हा प्रकार इतका बोकाळला, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड फिरवून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. तरी व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून ठेवावाच. कोड चोराला मिळाला, तरी पिनपाशी त्याची गाडी अडते.

एक गोष्ट हमखास राहून जाते. जुनं सिम बंद होतं, पण ईमेलमध्ये तोच नंबर राहतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला मिळू शकतो, त्यामुळे तो आधी बदलावा. ईमेलला लॉगिनचा कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप जोडावं. बॅकअप कोड कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवले तरी चालतील.

खातं एकदा हातचं जाऊन परत मिळालं असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून पाहावं. आलेला प्रत्येक मेल गुपचूप स्वतःकडे वळवण्याची सोय चोर तिथे करून गेलेला असू शकतो, आणि ती नव्या पासवर्डनेही बंद होत नाही. पैसे गेले असतील, तर या सगळ्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन.