दोन जीबीचा संसार

"मामा, हा भंगारात दे. निदान वजनाचे पैसे येतील."

भाच्याचं अगदीच चुकत नव्हतं. लॅपटॉप २०१० सालचा, वजन अडीच किलो, बॅटरी पार मेलेली, त्यामुळे चार्जर काढला की पडदा काळा. आत कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, अडीचशे जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. बटण दाबून चहाचं आधण ठेवायचं. चहा गाळून येईपर्यंत पडद्यावर आयकॉन उमटलेले असायचे. ब्राउझर उघडायचा तर आणखी अर्धा कप. वर प्रत्येक वेबसाइट एकच पाढा वाचायची: कनेक्शन सुरक्षित नाही. भाच्याने निदान केलं, "व्हायरस."

तो नुकताच बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला गेला होता. सी भाषेचे प्रोग्रॅम लिहायला त्याला मशीन हवं होतं आणि नव्यासाठी पैसे साठायला बहिणीला वेळ लागणार होता. सी भाषा जन्मली १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, बेल लॅब्जमध्ये, तेव्हाच्या मशिनांची स्मृती किलोबाइटांत मोजायचे. त्या हिशेबाने दोन जीबी म्हणजे राजवाडा. म्हटलं, बघूया तरी.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. कोपऱ्यातलं घड्याळ १ जानेवारी २००९ दाखवत होतं. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो; लॅपटॉप बंद असताना तो तारीख-वेळ सांभाळतो. तो संपला की प्रत्येक वेळी मशीन एकाच जुन्या तारखेला जागं होतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं आणि २००९ मध्ये बसलेल्या ब्राउझरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. सेलवर सीआर २०३२ असं छापलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर आणि छोटा कनेक्टर जोडलेला असतो, तेव्हा जुना सेल दुकानात सोबत न्यावा.

आता मुख्य दुखणं, संथपणाचं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. काम ओट्यावरच होतं. ओटा भरला की मशीन तूर्त न लागणारे डबे माळ्यावर टाकतं आणि पुन्हा लागले की शिडी लावून उतरवतं. जुनी लॅपटॉप हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. डोकं योग्य जागी सरकायला त्याच्या दुप्पट. सेकंदाला साठ-सत्तर खेपा झाल्या की शिडीवरचा पोऱ्या दमला. आणि सुरू होताना मशीनला हजारो छोट्या फायली वाचायच्या असतात. प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसलेला असतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही; साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो खेपा करते. म्हणून जुन्या लॅपटॉपवर पहिला पैसा एसएसडीचा, दुसरा रॅमचा. उलटं करणारे पुष्कळ भेटतात.

पण पैसा घालण्याआधी तपासणी. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट या यंत्रणेची आयएसओ फाइल रूफस या प्रोग्रॅमने चढवली. लॅपटॉप सुरू होताना एफ १२ दाबलं (काही कंपन्यांत एफ ९, काहींत एस्केप) आणि पेन ड्राइव्हवरूनच यंत्रणा चालू केली. यात डिस्कला धक्काही लागत नाही. पडदा, कीबोर्ड, आवाज, वायफाय सगळं तपासता येतं. आमचा लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून विंडोजपेक्षा बरा चालला, म्हणजे बोर्ड ठणठणीत होता. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावून ठेवली, तीही स्वच्छ. डिस्कच्या तब्येतीच्या (स्मार्ट) अहवालात मात्र खराब सेक्टरची संख्या वाढलेली दिसली. तिथे वाद संपला.

वायफायचा एक घोळ अर्धा दिवस खाऊन गेला. घरातला राउटर यादीत दिसेचना. ड्रायव्हर शोधले, केबल जोडून बघितली, शेवटी लक्षात आलं की राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला आहे आणि या पिढीतल्या स्वस्त वायफाय कार्डांना २.४च कळतं. राउटरच्या सेटिंगमध्ये दुसरा पट्टा चालू केला, झालं. वायफाय अजिबातच ओळखलं जात नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं टेदरिंग चालू करावं; लिनक्स ते बहुधा लगेच उचलतं आणि मग उरलेले ड्रायव्हर त्या नेटवरून उतरवता येतात.

एसएसडी आणि रॅम लॅमिंग्टन रोडवरून आणली. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर कोणी तसं विचारत नाही. एसएसडी नवी, १२० जीबीची. रॅम जुनीच, कारण या लॅपटॉपला लागणारी डीडीआर २ आता वापरलेलीच शोधावी लागते. लॅपटॉपच्या डीडीआर २ ला २०० पिना, डीडीआर ३ ला २०४, डीडीआर ४ ला २६० आणि खाचही वेगवेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, बळ लावूही नये. दुकानदाराला मॉडेल सांगत बसण्यापेक्षा आतली रॅमची पट्टी काढून दाखवली की काम लवकर होतं. एक एक जीबीच्या दोन काढून दोन दोनच्या घातल्या. ओटा दुप्पट झाला.

उघडताना मागच्या झाकणाचे स्क्रू सगळे सारखे दिसतात. ते सारखे नसतात. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढावा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूने टोक बाहेर येतं, हे मी पूर्वी एका लॅपटॉपचा टचपॅड घालवून शिकलोय. आत पंखा आणि त्याच्या जाळीच्या मध्ये धुळीची चक्क गोधडी विणली गेली होती. हवा जायची कुठून? ती चिमट्याने सबंध उचलली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट खपलीसारखी वाळली होती, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. (टूथपेस्टही चालते म्हणणारे व्हिडिओ पाहण्यात आले. दोन दिवस चालते, मग वाळते.)

जुनी डिस्क फेकली नाही. यूएसबीच्या डबीत बसवून तिच्यातलं होतं नव्हतं ते आधी उतरवून घेतलं. त्यात माझे पंधरा वर्षांपूर्वीचे लेख निघाले, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातले. नव्या यंत्रणेत उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. फायली शाबूत असतात, फक्त तो फॉन्ट नसतो. विंडोज पुसण्याआधी तिच्यातलं फॉन्टचं फोल्डर कॉपी करून घ्या. नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतं.

यंत्रणा कोणती घालायची, यावर लिनक्सवाले दिवाळीचा फराळ संपेपर्यंत वाद घालतील. माझा हिशेब साधा आहे. चार जीबी रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. दिसायला विंडोजच्या जवळची, घरातल्यांना शिकवावी लागत नाही. दोन जीबी असेल तर एमएक्स लिनक्स. त्याहून कमी, किंवा २००८ च्या सुमाराच्या ॲटम एन २७० सारख्या फक्त ३२ बिटच्या प्रोसेसरची नेटबुक असेल, तर अँटिएक्स. मात्र ३२ बिटवाल्यांचे दिवस भरत आले आहेत. उबंटूने त्यांची इन्स्टॉल सीडी २०१७ मध्येच थांबवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्यांच्यासाठी इन्स्टॉलर काढला नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्टचा लेआउट या सगळ्या यंत्रणांत आधीपासूनच असतो. रॅम कमी असेल तर झेडरॅम नावाची सोय चालू करावी: जास्तीचे डबे माळ्यावर न टाकता मशीन ते दाबून ओट्यावरच रचतं.

हे सगळं आताच का, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. धडधाकट चालणारी कितीतरी मशिनं त्या दिवशी कागदावर म्हातारी झाली. निकलाउस वर्थ यांनी, आपल्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांनी ज्यांची पास्कल भाषा घोकली त्यांनीच, १९९५ मध्ये लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जितक्या वेगाने जलद होतं त्याहून वेगाने सॉफ्टवेअर संथ होतं.

आणि तरीही प्रत्येक जुनं मशीन वाचवण्यालायक नसतं. गंमत अशी की २०१० चा जाडजूड लॅपटॉप सोपा आणि २०१५-१६ चा सडपातळ, स्वस्त लॅपटॉप अवघड. त्यात दोन जीबी रॅम आणि ३२ जीबीची साठवण बोर्डावरच झाळलेली असते. बदलायला जागाच नाही. त्यांतल्या काहींचा प्रोसेसर ६४ बिटचा आणि सुरुवातीची यंत्रणा, यूईएफआय, मात्र ३२ बिटची, त्यामुळे नेहमीचा पेन ड्राइव्ह त्यांना दिसतच नाही. असा वापरलेला लॅपटॉप कोणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर चार्जर लावायचा नाही, बॅटरी टोचायची नाही, ती आधी बाहेर काढून ई-कचऱ्यात द्यायची.

आमच्या मशीनचा खर्च सेल, पेस्ट, एसएसडी आणि रॅम मिळून दोन हजारांच्या आत बसला. बटण दाबल्यापासून चाळीस सेकंदांत काम सुरू होतं. सीचे प्रोग्रॅम, लिब्रेऑफिस, पीडीएफ, मराठी लेखन सगळं झकास. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की ओटा भरतो, म्हणून जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन बसवलं. अर्धा बोजा जाहिरातींचाच असतो. यूट्यूब नव्या पद्धतीने आवळलेले व्हिडिओ पाठवतं, ते उलगडताना जुना प्रोसेसर घामाघूम होतो, त्याला एच.२६४ हीच जुनी पद्धत मागायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन घातलं की ४८० पर्यंतचं चित्र सुरळीत दिसतं. व्हिडिओ कॉलला मात्र भाचा फोनच वापरतो. तो हट्ट मी सोडून दिला.

लॅपटॉपवर घातलेल्या मिंट २२ ला सुरक्षा अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत मिळायचे आहेत. डावी बिजागरी आताच करकरते. तीच आधी जाईल असं दिसतंय.