अंग लाल झालं म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली?

मीरा-भाईंदरमध्ये सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींकडून हे सारखं कानावर येतं: नायसिन घ्या, इम्युनिटी वाढते. गोळीनंतर तोंड-मान लाल होऊन चुणचुणली की वर खात्री दिली जाते, ‘बघा, आतली सूज जळतेय!’

काही जळत नाही. नायसिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. त्याची मोठी मात्रा पोटात गेली की त्वचेतल्या लँगरहान्स पेशींना चेतवते; त्या पेशी प्रोस्टाग्लँडिन सोडतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. प्रोस्टाग्लँडिन हे तर दाहाच्या वेळी शरीरात तयार होणारंच रसायन. म्हणूनच ॲस्पिरिन घेतल्यावर ही लाली उतरते. मग ती सूज कमी झाल्याची खूण कशी?

‘पण संशोधनात सिद्ध झालंय,’ असंही ऐकवतात. उंदरांच्या मोठ्या आतड्यातला दाह नायसिनने कमी होतो, हे २०१४ साली दिसलं, खरं आहे. नायसिन लँगरहान्स पेशींवरच्या ज्या रिसेप्टरला चेतवतं, तोच रिसेप्टर ब्युटिरेटनेही जागा होतो, आणि ब्युटिरेट आपल्या आतड्यातले जंतू भाजी-भाकरीतल्या चोथ्यापासून बनवतात. माणसांचं काय झालं, तेही वाचा. एचपीएस२-थ्राइव्ह या चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांचे २५,६७३ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना रोज २ ग्रॅम नायसिन, लाली रोखणाऱ्या लॅरोपिप्रँटसोबत, दिलं गेलं. निष्कर्ष २०१४च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आहेत: हृदयविकार टळले नाहीत, मधुमेहाचा त्रास वाढला आणि गंभीर संसर्गही याच गटात जास्त झाले. प्रतिकारशक्तीच्या नावाने जे विकलं जातं, त्याच्या एवढ्या मोठ्या चाचणीत संसर्ग वाढले! २०२४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी जादा नायसिनपासून बनणाऱ्या ४-पीवाय या पदार्थाचा संबंध रक्तवाहिन्यांच्या दाहाशी दाखवला.

नायसिनची कमतरता मात्र खरोखर दाह घडवते. त्यातून होणाऱ्या पेलाग्रा या आजारात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, सोलते. जुलाब लागतात, भ्रम होतो. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो दिसे. हैदराबादचे संशोधक गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. म्हणून ज्वारी वाईट ठरत नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी किंवा उत्तनचे सुके बोंबील असले की प्रश्न उरत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण तेवढीच.

आणखी काही गैरसमज ऐकू येतात.

‘पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे जातं’: ग्रॅमच्या मात्रेत यकृताला इजा होते, रक्तातली साखर आणि युरिक ॲसिड वाढतं.

‘लाली म्हणजे ॲलर्जी’: नाही.

‘तंबाखूतही हेच असतं’: मुळीच नाही, निकोटिन वेगळं रसायन आहे.

‘टीबीच्या गोळ्यांबरोबरची ब-६ची गोळी उगाच देतात’: टीबीवरच्या आयसोनियाझिड या औषधामुळे ब-६ घटतं, आणि त्याच्याशिवाय शरीराला ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन नीट बनवता येत नाही. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.