सी. एन. सी. यंत्राच्या तारा व त्यांची मांडणी

शेताला जोडून घरीं कांहीं हातोद्योग असावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. कांद्याची काढणी होऊन चाळ भरली म्हणजे घरांतील तरुण मंडळींच्या हातीं जो वेळ उरतो, त्यांत चार पैसे देणारें काम मिळावें, असें प्रत्येक कर्त्या गृहस्थास वाटतें. नाशिकच्या द्वारका चौकांत मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता एकत्र येतात. ज्या रस्त्यांनीं खेड्यांतील भाजीपाला शहरांत येतो, त्याच रस्त्यांनीं शेतकऱ्यांचीं मुलें अंबड, सातपूर व सिन्नर येथील कारखान्यांत कामास जातात. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, तेव्हां यंत्रकाम जाणणारे हात या जिल्ह्यांत कमी नाहींत. कारखान्यांत सी. एन. सी. यंत्र पाहून आलेला मुलगा त्याचें लहान रूप घरच्या पडवींत उभारूं पाहतो. हौस चांगली आहे. परंतु यंत्राचा सांगाडा, मोटरी व हत्यारें यांची चौकशी जितकी होते, तितकी तारांची होत नाहीं. आणि काम बिघडतें किंवा जीव धोक्यांत येतो तो बहुधा तारांपायींच. म्हणून त्यांच्या मांडणीविषयीं चार उपयोगी गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देतों. सी. एन. सी. म्हणजे संगणकानें आंकड्यांच्या द्वारें चालविलेलें यंत्र. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेनें १९५२ सालीं छिद्रें पाडलेल्या फितीवरून हुकूम घेणारें असें कापयंत्र प्रथम लोकांस दाखविलें. हौशी माणसाच्या आवांक्यांत तें आलें अलीकडे. २००५ सालीं इटलींत आर्डुइनो नांवाचा छोटा नियंत्रक निघाला, आणि २००९ सालीं त्यावर चालणारी जीआरबीएल ही मोफत आज्ञावली निघाली. आतां घरच्या टेबलावर लांकूड कोरून नांवाच्या पाट्या, देव्हाऱ्याची नक्षी, पेट्यांचे सांचे असें काम करतां येतें. हत्यार डावीउजवीकडे, पुढेंमागें व वरखालीं नेण्यास स्टेपर मोटरी असतात. हत्यार गरगर फिरविण्यास स्पिंडल असतो. आणि हद्द संपली हें कळविण्यास लिमिट स्विच असतात. या सर्वांच्या तारा एका पेटींत येऊन मिळतात.

या तारांचे तीन वर्ग समजावे. पहिला, घरच्या २३० व्होल्ट वीजपुरवठ्याच्या तारा. दुसरा, मोटरींच्या व स्पिंडलच्या तारा. तिसरा, स्विचांच्या व नियंत्रकाच्या बारीक तारा. यांत अवघे ५ किंवा २४ व्होल्ट असतात. या तीन वर्गांची एकच जुडी बांधूं नये. राॅकेलचा डबा धान्याच्या कणगीशेजारीं ठेवला तर डबा फुटला नाहीं तरी धान्यास वास लागतो. त्याप्रमाणें जोरकस प्रवाहाची तार बारीक तारेशेजारून गेली, तर तिच्यांतील खळबळ दुसरींत उमटते. स्पिंडलचा वेग बदलणारें व्ही. एफ. डी. नांवाचें उपकरण वीज सेकंदाला हजारों वेळां तोडून जोडतें, म्हणून त्याच्या तारेचा उपद्रव सर्वांत अधिक. मग हद्द आली नसतांहि हद्द आली असा खोटा निरोप नियंत्रकास पोंचतो, यंत्र मध्येंच थांबतें आणि चांगली सागवानी फळी वायां जाते. यावर उपाय असा कीं, दोन वर्गांच्या तारा वेगळ्या वाटेनें न्याव्या. ओलांडणें भागच पडल्यास काटकोनांत ओलांडाव्या. बारीक तारांस वरून जाळीचें वेष्टण असावें, व तें नियंत्रकाच्या बाजूस एकाच टोकास अर्थला जोडावें. स्पिंडलच्या तारेस वेष्टण दोन्हीं टोकांस जोडण्याची सूचना उपकरणाच्या पत्रकांत बहुधा असते, ती पाळावी.

दुसरी गोष्ट वळणाची. ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, नाडा तुटतो तो चाकावर नेहमीं ज्या ठिकाणीं वळतो तेथेंच. यंत्राचा जो भाग सरकतो, त्याच्याबरोबर तारहि दिवसांत हजारों वेळां वळते. घराच्या भिंतींत घालतात ती एकेरी जाड तांब्याची तार येथें कांहीं दिवसांतच आंतल्या आंत तुटते, आणि वरचें आवरण शाबूत असल्यामुळें दोष सांपडत नाहीं. म्हणून सरकत्या भागास पुष्कळ बारीक तंतूंची, वळण सोसणारी म्हणून विकली जाणारी केबलच घ्यावी. तिच्या जाडीच्या सुमारें दहापट तरी वळणाची त्रिज्या ठेवावी. तिला वाट म्हणून ड्रॅग चेन नांवाची प्लास्टिकची सांखळी मिळते. सांखळींत केबली खच्चून भरूं नयेत. प्रत्येकीस हलावयास जागा ठेवावी, आंत गांठ किंवा पट्टी बांधूं नये, आणि सांखळीच्या दोन्हीं टोकांशीं मात्र केबल पक्की आंवळावी. असें केलें म्हणजे ओढ सांखळीवर पडते, जोडावर पडत नाहीं.

तिसरी गोष्ट जोडाची. सैल जोड तापतो, तापून काळा पडतो, आणि लांकडाचा भुसा जवळ असेल तर आग लागते. पुष्कळ तंतूंच्या तारेचें टोंक नुसतें पिळून स्क्रूखालीं घालूं नये. त्यावर कथिलहि चढवूं नये, कारण कथिल दाबाखालीं हळूहळू दबतें व स्क्रू ढिला होतो. टोंकास तांब्याची नळी, जिला बाजारांत फेरूल म्हणतात, ती दाबून बसवावी आणि प्रत्येक जोड हातानें ओढून पाहावा. सुमारें ३ ॲम्पिअरच्या स्टेपर मोटरीस ०.७५ चौरस मिलिमीटरची तार पुरते. दीड किलोवॅटच्या स्पिंडलच्या पुरवठ्यास २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. स्टेपरच्या चार तारांतील जोडी ओळखण्याची सोपी रीत अशी : मोटर मोकळी असतांना कोणत्याहि दोन तारा एकमेकींस लावाव्या व दांडा हातानें फिरवावा, तो जड लागला तर ती एक जोडी. वीज चालू असतांना स्टेपरची तार मात्र कधींहि काढूं नये, त्यानें तिचा ड्राइव्हर जळतो.

रंगाविषयीं विशेष सावध राहावें. आपल्याकडील जुन्या जोडणींत लाल, पिवळी व निळी या तीन फेजच्या तारा, काळी न्यूट्रलची व हिरवी अर्थची असते. परदेशी बनावटीच्या उपकरणांत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थची असते. म्हणजे एकच निळी तार भिंतींत फेज असूं शकते आणि यंत्रांत न्यूट्रल. रंगावर विसंबून हात घालणाऱ्याचा जीव येथें जाऊं शकतो. रंग पाहावा, परंतु खात्री मीटरनेंच करावी.

अर्थिंगशिवाय हें यंत्र चालवूंच नये. सांगाडा, स्पिंडलचें आवरण, पत्र्याची पेटी व व्ही. एफ. डी. या प्रत्येकाची अर्थची तार स्वतंत्रपणें एका तांब्याच्या पट्टीवर आणावी, व पट्टी घरच्या अर्थच्या खड्ड्यास जोडावी. पुरवठ्यावर ३० मिलिॲम्पिअरचा आर. सी. सी. बी. बसवावा. तो बसवितांना व्ही. एफ. डी. बरोबर चालणारा प्रकार विक्रेत्याकडून विचारून घ्यावा, नाहीं तर तो विनाकारण पडतो आणि कंटाळून मुलें तो काढून टाकतात. वीज बंद केल्यावरहि व्ही. एफ. डी. च्या पोटांत कांहीं मिनिटें वीज सांठून असते. पत्रकांत लिहिलेला वेळ गेल्याखेरीज झांकण उघडूं नये. विजेच्या धक्क्यानें दगावलेल्या शेतकऱ्यांच्या अनुदानाचीं प्रकरणें तहसील कचेरींत नेहमीं येतात. त्या कागदांच्या चळतींत पुष्कळ वर्षें घालविलेल्या माणसास एवढेंच सांगावयाचें आहे कीं, खड्ड्याचा व आर. सी. सी. बी. चा खर्च करण्याची वेळ अपघातापूर्वींची असते.

लिमिट स्विच व तांबडें तातडीचें बटण हीं नेहमीं बंद राहणाऱ्या परिपथाचीं असावीं. दाबलें म्हणजे जोड तुटतो व यंत्र थांबतें, अशी ती रचना. तार उंदरानें कुरतडली तरी जोड तुटून यंत्र थांबेल. उलट रचनेंत तार तुटल्याचें कोणास कळत नाहीं, आणि आणीबाणींत बटण दाबूनहि कांहीं होत नाहीं. आपल्या घरांतून उंदीर असतातच. म्हणून पेटींत शिरणाऱ्या प्रत्येक केबलीस ग्लँड बसवून भोंक बंद करावें. त्यानें भुसाहि आंत जात नाहीं. हवेसाठीं पंखा ठेवल्यास त्यावर गाळणी घालावी.

आतां शेवटची, परंतु आमच्या मतें मुख्य गोष्ट. ज्या जमिनीचा उतारा नाहीं, तिच्यावरून भावाभावांत तंटा उभा राहतो. तारांचेंहि तसेंच आहे. प्रत्येक तारेस क्रमांक द्यावा व तो तिच्या दोन्हीं टोकांस चिकटवावा. एका वहींत चार रकाने पाडावे : क्रमांक, कोठून निघाली, कोठें पोंचली, रंग व जाडी. हा त्या यंत्राचा सातबारा समजावा. पुढें एखादी तार बदलली तर गाव नमुना सहांत फेरफाराची नोंद होते तशी तारखेसह नोंद करावी. ज्यानें यंत्र उभारलें तो नोकरीवर पुण्यास गेला, तरी धाकट्या भावास वही उघडून दोष शोधतां येईल. वही नसेल तर तो अंदाजानें तारा ओढून पाहील, आणि त्यांतलीच एखादी २३० व्होल्टची असेल. या वहीची एक प्रत पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस लावून ठेवावी.

कायद्याचीहि एक बाब आहे. शेतीपंपाच्या जोडणीवरून हें यंत्र चालवूं नये. मंजूर कामाहून वेगळ्या कामास वीज वापरणें हा २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी दुप्पट दरानें होते. हौसेचें काम धंद्याच्या रूपास आलें, म्हणजे महावितरणच्या कचेरींत योग्य वर्गाची जोडणी मागून घ्यावी.

येथें सांगितलेल्या बहुतेक गोष्टी विहिरीवरील पंपाच्या पेटीसहि लागू आहेत : पक्के जोड, चांगला अर्थ, बुजविलेलीं भोंकें, क्रमांक घातलेल्या तारा व झांकणाच्या आंत लावलेला कागद. ज्या बंधूंस सी. एन. सी. यंत्राशीं कर्तव्य नाहीं, त्यांनीं निदान आपल्या स्टार्टरची पेटी या दृष्टीनें एकदां पाहावी. मात्र ती उघडण्यापूर्वीं मेन स्विच बंद करून फ्यूज काढून आपल्या खिशांत ठेवावे, आणि काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावें.