लिबरऑफिस पुन्हा टाकताना शब्द जपा

उबुंटूवरचं लिबरऑफिस बिघडलं की बरेच जण ते काढून पुन्हा टाकतात, आणि बिघाड तसाच राहतो! कारण 'एपीटी रिमूव्ह' फक्त प्रोग्राम काढतं. 'पर्ज' दिलं तर सिस्टिमच्या सेटिंगही जातात, पण तुमच्या होम फोल्डरला या दोन्ही आज्ञा हात लावत नाहीत. खरी गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. कंट्रोल-एच दाबून लपलेली फोल्डरं उघडा आणि 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'लिबरऑफिस' फोल्डरचं नाव बदला. लगेच पुसू मात्र नका.

त्यातल्या 'वर्डबुक' फोल्डरमधल्या 'स्टँडर्ड डॉट डिक' या फाइलीत तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द असतात. अहिल्यानगर, नेवासे, पाथर्डी, जामखेड, शेवगाव... अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळेत किंवा पतसंस्थेत पत्रं टंकणाऱ्याची ही वर्षांची कमाई! नवीन प्रोग्राम एकदा उघडून बंद करा आणि ती फाइल परत जागेवर ठेवा. मराठी शुद्धलेखनाचं एक्स्टेंशन स्वतः टाकलं असेल, तर तेही नाव बदललेल्या 'लिबरऑफिस' फोल्डरातच होतं, म्हणून ते पुन्हा टाकावं लागेल.

लिबरऑफिसच्या संकेतस्थळावरून घेतलेली डेब पॅकेजं 'ऑप्ट'मध्ये बसतात, उबुंटूची स्वतःची 'यूएसआर'मध्ये. दोन्ही असतील तर आधी एक काढा.